सहा बाणांचा हिशोब: बडोद्यातल्या बॅचमध्ये तिरंदाजी शिकताना

एका रविवारी आमच्या बॅचमध्ये दोघांचे गुण सारखे आले, सहा बाणांत ३६. एक अकरावीतला मुलगा. त्याच्या कागदावर १०, ९, ८, ५, ४ आणि शेवटी एम, म्हणजे एक बाण बाहेर. दुसरी मी. माझ्या कागदावर सहा वेळा ६. त्याच्या दहाला टाळ्या पडल्या, माझ्या सहा षटकारांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सर मात्र माझ्या फेससमोर, म्हणजे निशाण्याच्या कागदासमोर, येऊन थांबले. निळ्या पट्ट्यात, डाव्या अंगाला, बशीएवढ्या जागेत सहाही बाण रुतले होते. "बेन, तमारुं काम थई गयुं" (ताई, तुमचं काम झालं), एवढंच म्हणाले, साइटची, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची, पिन थोडी डावीकडे सरकवली, आणि पुढच्या फेरीत त्याच धनुष्याने माझे ५२ झाले. त्या मुलाला पुढचे दोन महिने खपावं लागलं.

मी पेशाने हिशोबनीस, त्यामुळे ही भाषा मला लगेच कळली. बेरीज जुळली म्हणजे खाती सारखी असतात असं नव्हे. तिरंदाजीत गुण शेवटी मोजायचे असतात आणि तंत्र आधी शिकायचं असतं, असा बहुतेकांचा समज असतो. गटात शिकताना माझा अनुभव उलटा आहे: गुण नीट, खरे आणि सविस्तर लिहायला लागल्यावरच माझं तंत्र सुधारलं. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्रच येतील.

बॅच निवडताना

बडोद्यात तिरकमठा ही काही परकी वस्तू नाही. पूर्वेला छोटा उदेपूरकडे गेलं की राठवा आणि भिल समाजाच्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि शहरातल्या मैदानांवर शिकवणाऱ्यांपैकी काही जण त्याच पट्ट्यातून आलेले असतात. शिकवणारा कुठला यापेक्षा तो पहिल्या दिवशी काय करतो ते बघा.

त्याने तुमचा डोळा तपासला पाहिजे. दोन्ही हात समोर ताणायचे, तळव्यांच्या मध्ये छोटं तिकोनी भोक ठेवायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचं एखादं झाड पाहायचं आणि झाड न सोडता हात हळूहळू तोंडाकडे आणायचे. ज्या डोळ्यावर हात येतात तो तुमचा प्रमुख डोळा. उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हाताने. उजव्या हाताने जेवणाऱ्याचाही डोळा डावा निघू शकतो. ते पहिल्याच दिवशी कळलं तर बरं, सहा महिन्यांनी कळलं तर रडू येतं.

दुसरं, त्याने हलकं धनुष्य दिलं पाहिजे. आधी मी एका ठिकाणी नाव घातलं होतं. तिथे "मोठ्या माणसाला मोठं धनुष्य" या न्यायाने पहिल्याच दिवशी २८ पाउंडचं (दोरी ताणायला लागणाऱ्या जोराचं माप) हातात दिलं. आठवड्यात खांदा असा धरला की पोळपाट-लाटणं घेता येईना. मुलांना १२ ते १६ पाउंड आणि मोठ्यांना १८ ते २२ पाउंड सुरुवातीला भरपूर होतं. साधी चाचणी अशी: पूर्ण ताणून दहा सेकंद धरा. हात थरथरला तर धनुष्य तुमच्यासाठी जड आहे, मग शेजारचा काहीही म्हणो. आणि लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, लिहिलेला आकडा २८ इंच ताणीचा असतो. तुमची ताण कमी असेल तर प्रत्यक्ष वजनही कमी भरतं, इंचामागे साधारण दोन पाउंडांनी.

तिसरं, एका बट्रेसवर (फेस लावायचा, बाण रुतणारा जाड आधार) चारपेक्षा जास्त जण नकोत. बाकी टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं संरक्षण), आर्मगार्ड, चेस्टगार्ड, क्विव्हर (भाता) सगळं सुरुवातीला बॅचचंच वापरा. स्वतःचं घ्यायचंच तर आधी टॅब घ्या, कारण तो बोटांच्या मापाचा असतो. धनुष्य वर्षभर घेऊ नका. ताकद वाढते तसं वजन बदलतं, आणि पहिलं धनुष्य माळ्यावर जातं.

शिट्ट्या

दोन शिट्ट्या: शूटिंग लाइनवर या. एक: सोडायला सुरुवात. तीन: धनुष्य ठेवा, बाण आणायला चला. पाच किंवा सलग वाजत राहिली तर जे करताय ते तिथेच थांबवा, ताणलेली दोरी बाण न सोडता सावकाश परत आणा. स्पर्धेतही हेच संकेत असतात, म्हणून अंगवळणी पडू द्या.

बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही. एरवी बाण घेऊन जाणारी सगळी ताकद तेव्हा लिंबमध्ये परत जाते आणि लिंब फाटू शकतं. बाणाकडे जाताना चालायचं, धावायचं नाही. बट्रेसमधून निघालेले नॉक (बाणाची मागची, खाचेची टोकं) बरोबर डोळ्याच्या उंचीला असतात. बाण उपसताना एका हाताने फेस दाबून धरा, दुसऱ्याने बाण बट्रेसच्या जवळ पकडा, आणि मागे कोणी उभं नाही हे वळून बघा. वाढत्या वयाच्या मुलांनी दुसऱ्याचे आखूड बाण उसने घ्यायचे नाहीत. पूर्ण ताणल्यावर टोक रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकायच्या जागेच्या) मागे आलं तर बाण थेट हातात घुसतो.

बाण मैदानाबाहेर झाडीत गेला तर मुलांनी एकट्याने शोधायला जायचं नाही, असा आमच्याकडे आणखी एक नियम आहे. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या नदीतच राहतील याचा भरवसा नाही. हा नियम जागतिक संघटनेच्या पुस्तकात सापडणार नाही.

पाच मीटर, फेस नाही

लहानपणापासून आपल्याला पोपटाचा डोळा शिकवलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक जण पिवळ्या वर्तुळाकडे टक लावतो. सरांनी आमच्या बट्रेसवरचा कागदच काढून टाकला. पहिले तीन आठवडे पाच मीटरवरून कोऱ्या बट्रेसवर, त्यातले निम्मे बाण डोळे मिटून. नेम धरायला काही नसलं की लक्ष शरीराकडे जातं. पुढच्या पायऱ्या उजव्या हाताने दोरी ताणणाऱ्यासाठी आहेत. डावखुऱ्यांनी उलट धरावं.

उभं राहणं. दोन्ही पाय रेषेच्या दोन बाजूंना, खांद्याइतकं अंतर, वजन दोन्हींवर सारखं. गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत. आमचे काका तरुणपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे. ते मला पाहून म्हणाले, "पाय रोवलेत, पण पोट सोडलंयस." अगदी बरोबर. पोट सैल सुटलं की छाती वर येते आणि पाठीला बाक येतो. बरगड्या खाली बसल्या पाहिजेत.

बाण लावणं. तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून दूर, तुमच्याकडे. नॉक दोरीवर टक्‌ असा आवाज करून बसला पाहिजे.

दोरी धरणं. तर्जनी बाणाच्या वर, मधलं आणि अनामिका खाली. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या खाचेत, आणि मनगट सैल. अंगठ्याचं इथे काहीच काम नाही, तो तळहातात दुमडून ठेवायचा. एकलव्याची गोष्ट ऐकून आलेली मुलं यावर फार वेळ वाद घालतात.

धनुष्य धरणं. खरं तर धरायचंच नसतं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे त्यावर ग्रिप टेकते, बोटांची मुळं तिरकी, साधारण ४५ अंशांत. मूठ आवळली की धनुष्य पिळतं. पडेल अशी भीती वाटते, म्हणून बोटांना बांधायची छोटी दोरी मिळते, ती वापरा. याच हाताचं कोपर आत वळवणं महत्त्वाचं. भिंतीवर तळवा टेका आणि तळवा न हलवता फक्त कोपर फिरवा. ती हालचाल सापडली नाही तर दोरी दर वेळी हातावर फटका मारते. माझ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा पट्टा उमटला होता. बाही वर करून पापड लाटताना सासूबाईंनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून मी आर्मगार्ड विसरले तर त्याच आठवण करून द्यायला लागल्या.

ताणणं आणि अँकर. दंडाने ओढू नका, कोपर मागे आणि किंचित वर न्या, खांद्याची पाती मणक्याकडे सरकू द्या. हात हनुवटीखाली येऊन जबड्याला चिकटतो, दोरी हनुवटीच्या मध्याला आणि नाकाच्या टोकाला टेकते. हे तीन स्पर्श म्हणजे अँकर, ते दर वेळी त्याच जागी झाले पाहिजेत. डोकं दोरीकडे न्यायचं नाही, दोरी डोक्याकडे आणायची. दात मिटलेले हवेत. तोंड थोडं जरी उघडं राहिलं तरी अँकर खाली येतो आणि बाण वर जातो.

सोडणं. इथे सगळ्यांचं घोडं अडतं, म्हणून जरा थांबते.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला ढील आणि खेंच हे शब्द उत्तरायणात आपोआप येतात. पेच लागला की कोणी मांजा सोडत जातो, कोणी ओढत जातो. आमच्या सरांनी रिलीज शिकवायला हेच शब्द उचलले. अँकरला पोचल्यावर बहुतेकांना वाटतं की काम झालं, आता थांबून नेम धरू. त्या थांबण्यात पाठ हळूच सैल होते, हात अर्धा इंच पुढे सरकतो आणि मग दोरी सुटते. त्याला सर म्हणतात ढील. लांबून ओरडतात, "ढील दीधी!" बाण हमखास खाली लागतो. उलट टोकाला, दोरी जोरात मोकळी करायची म्हणून काही जण हात चेहऱ्यापासून बाहेर झटकतात. दोरी बाजूला ओढली जाते आणि बाण डावीकडे जातो. बरोबर जागा या दोन्हींच्या मध्ये आहे: पाठीची खेंच चालूच ठेवायची आणि बोटांनी पकड सोडून द्यायची, भरलेली बादली हातातून आपोआप निसटावी तशी. खेंच खरी असेल तर हात गालाला घासत आपोआप कानामागे जातो. तो मुद्दाम नेलेला आहे की गेलेला आहे, हे बघणाऱ्याला चटकन कळतं.

बाण बट्रेसमध्ये घुसल्याचा आवाज येईपर्यंत धनुष्याचा हात खाली आणायचा नाही. कुठे लागला ते बघायची घाई झाली की हात आधीच पडतो.

गटाचा उपयोग

आमच्या बट्रेसवर चौघे असतो. दोघं बाण सोडतात, दोघं मागे थांबतात. मागे थांबणं म्हणजे मोबाइल काढण्याची वेळ, असं पहिला महिना मलाही वाटायचं. मग सरांनी काम दिलं: प्रत्येकाने पुढच्याची एकच गोष्ट पाहायची. आज फक्त दोरीचं कोपर, उद्या फक्त धनुष्याचा हात. सहा बाण होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नंतर एकच वाक्य सांगायचं, तेही दिसलं तेवढंच. "चौथ्या बाणाला हात कानामागे गेला नाही" हे चालतं. "जरा नीट सोड" हे चालत नाही. वय, नातं काही मध्ये आणायचं नाही. अकरावीतला मुलगा मला "काकू, दोनदा ढील" असं तोंडावर सांगतो.

दुसऱ्याची चूक शोधायला डोळा बसला की आपली चूक अंगात जाणवायला लागते. एकेकट्याच्या शिकवणीत हे मिळत नाही, आणि स्वस्त पडतं हा गटाचा फायदा मी त्यानंतर धरते.

गुण लिहिणं

फेसवर दहा वर्तुळं आणि पाच रंग. आतून बाहेर: पिवळा १० आणि ९, लाल ८ आणि ७, निळा ६ आणि ५, काळा ४ आणि ३, पांढरा २ आणि १. दहाच्या आतलं छोटं वर्तुळ म्हणजे एक्स. गुण दहाच, पण बरोबरी सोडवायला उपयोगी. आमचा मोठा फेस १२२ सेंटिमीटरचा, म्हणजे त्याचा दहा १२.२ सेंटिमीटर व्यासाचा, साधारण लहान वाटीएवढा. ऑलिंपिकमध्ये हाच फेस ७० मीटरवर असतो. १८ मीटरवर इनडोअरला ४० सेंटिमीटरचा फेस लागतो, त्याचा दहा ४ सेंटिमीटरचा. कंपाउंडवाल्यांना (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचा.

तीन शिट्ट्यांनंतर बट्रेसपाशी गेलात की पहिली गोष्ट: कशालाही हात लावायचा नाही. बाणाला नाही, फेसलाही नाही. ज्याचे बाण तो नॉककडे बोट दाखवून गुण सांगतो, मोठ्यापासून लहानाकडे: नऊ, आठ, सात, सात, पाच, एम. बाण कोणत्या क्रमाने सोडले ते इथे चालत नाही, क्रम गुणांचा. बाकीचे तिघे पाहून मान डोलावतात, लिहिणारा लिहितो. फेरीची बेरीज ३६, शेजारच्या रकान्यात आधीची बेरीज धरून एकूण. स्पर्धेच्या धर्तीवर आम्ही दोन कागद ठेवतो, दोघांनी स्वतंत्र लिहायचं आणि बाण उपसण्याआधी जुळवायचं. माझ्यावर हे काम कायमचं येऊन पडलंय. बेरीज पटकन करणाऱ्या माणसाचं नशीब कुठेही सारखंच.

रेषेवरचा बाण हा भांडणाचा कायमचा विषय. नियम सोपा आहे: बाणाची काठी रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. पण पाहायचं कागदाच्या अगदी जवळून आणि दोन्ही बाजूंनी, लांबून तिरकं पाहिलं की फसायला होतं. रेषेची जागा फाटून गेली असेल तर ती मनाने पूर्ण करून ठरवायचं. एकमत नाही झालं तर सरांना हाक मारायची आणि ते म्हणतील ते लिहायचं.

लिहून झालं की बाण उपसण्याआधी प्रत्येक भोकाला पेनाने छोटी खूण करा. पुढच्या फेरीत एखादा बाण आदळून खाली पडला तर बिनखुणेचं भोक शोधून त्याचा गुण देता येतो. बाण दुसऱ्या बाणाच्या नॉकमध्ये घुसून अडकला तर त्या दुसऱ्याचाच गुण मिळतो. ऐकायला फार भारी वाटतं, प्रत्यक्षात दोन बाण वाया जातात. सहाच्या ऐवजी चुकून सात सोडले तर सगळ्यात कमी गुणांचे सहा धरतात. हातातून निसटलेला बाण लाइनपुढच्या ३ मीटरच्या आत पडला तर सोडला असं मानत नाहीत, दुसरा घ्यायचा. आकडा चुकला तर गिरवायचा नाही. रेघ मारून शेजारी नवा लिहायचा आणि सगळ्यांसमोर सही.

स्पर्धेच्या पात्रता फेरीत सहा-सहा बाणांच्या बारा फेऱ्या, एकूण ७२ बाण, म्हणजे कमाल ७२०. बॅचमध्ये आम्ही महिन्यातून एकदा अर्धी फेरी घेतो, ३६ बाण, ३० मीटरवर. सर सहा बाणांना चार मिनिटं देतात.

रिकर्व्हचे (टोकं पुढे वळलेल्या, बिनचाकाच्या धनुष्याचे) सामने मात्र सेटवर चालतात आणि घरच्यांना ते समजावताना जीव जातो. तीन बाणांचा एक सेट. सेट जिंकला तर २ गुण, बरोबरी झाली तर १-१. ज्याचे आधी ६ होतील तो जिंकला. पाच सेटनंतर ५-५ असेल तर एकेक बाण, मध्याला जवळचा जिंकतो. आमच्याच एका सामन्यात सेट असे झाले: २६-२५, १८-२८, २५-२४, २७-२७, २६-२५. डावीकडच्या मुलीची एकूण बेरीज १२२, उजवीकडच्या मुलाची १२९, आणि सामना मुलीने ७-३ असा जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये तिचा एक बाण पार वाहून गेला, तिने तो तिथेच सोडून दिला. मुलाचे बाबा अजून मला बेरजा दाखवतात.

कंपाउंडमध्ये ही सोय नाही. १५ बाणांची सरळ बेरीज, प्रत्येक बाण शेवटपर्यंत खात्यात राहतो. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण दहात. समोरच्याचा एक नऊ गेला आणि सुवर्ण गेलं. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी १४९-१४७ ने विश्वविजेती झाली. हे आकडे आमच्या बॅचमधल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहेत.

कागद वाचणं

नुसत्या आकड्यांवरून ढील दिसत नाही, म्हणून स्कोअरशीटच्या मागे मी फेसचं छोटं चित्र काढते आणि सहा टिंबं मांडते. टिंबं एकत्र पण बाजूला असतील तर तंत्राला हात लावायचा नाही, साइट बाणांच्या मागे न्यायची: बाण डावीकडे तर साइट डावीकडे, बाण वर तर साइट वर. पहिल्यांदा हे उलटंच वाटतं. टिंबं उभी पसरली असतील तर अँकर किंवा ताणीची लांबी बदलते आहे. आडवी पसरली तर मूठ किंवा रिलीज. पाच एकत्र आणि एक लांब असेल तर तो लांबचा कितवा होता ते विचारा. बाणांवर नंबर घातले की हेही कळतं. दर फेरीत तोच नंबर लांब जात असेल तर दोष तुमचा नसून बाणाचा असू शकतो, पीस सुटलेलं असतं किंवा नॉकला चीर गेलेली असते. आणि एका बाणावरून साइट हलवू नका. किमान दोन फेऱ्या बघा.

तारखेबरोबर वारा, ऊन, झोप हेही लिहा. नवरात्रात रात्री दोनपर्यंत गरबा खेळून आलेल्यांचे सकाळचे आकडे मी वेगळ्या रंगाने लिहिते, ते सरासरीत धरत नाही. मे महिन्यात सातनंतरचे बाणही तसेच. जानेवारीत पतंगांकडे पाहून वारा छान कळतो, पण १४ आणि १५ तारखेला मैदान बंदच असतं. गळ्याच्या उंचीवर मांजा असताना तिथे कोणी उभं राहू नये.

कालची माझी नोंद अशी आहे: ३० मीटर, ३६ बाण, २४१. वारा पश्चिमेचा, मंद. चौथ्या फेरीत दोन एम, दोन्ही वेळा ढील. बाण नंबर ३ चं पीस सुटलंय, चिकटवायचं. पाहणारा: अकरावीतला.